गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’: नित्यव्यवहाराचें साधन या दृष्टीनें परीक्षण

१

वे. मू. विष्णुभट बाळकृष्ण गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ महाराष्ट्रीय वाचकांस नवा नाहीं. इ. स. १९०७ सालीं भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनीं तो प्रथम छापून काढिला. तेव्हांपासून सत्तावन सालच्या धामधुमीवर लिहितांना, विशेषतः झांशीच्या प्रकरणीं, भटजींचा हवाला घेतल्यावांचून सहसा कोणाचें चालत नाहीं. पुढें अमृतलाल नागर यांनीं ‘आँखों देखा गदर’ या नांवानें त्याचें हिंदी भाषांतर केलें, आणि इ. स. २०११ पासून थोडक्याच वर्षांत त्याचीं तीन इंग्रजी भाषांतरें निघालीं. इतकी प्रसिद्धि लाभलेल्या ग्रंथाचें पुन्हां परीक्षण कशाला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें, कीं या ग्रंथाचा जो भाग सर्वांनीं उचलला तो त्यांतील सर्वांत भक्कम भाग नव्हे. आणि जो खरोखर भक्कम आहे, तो वर्णनाचा पाल्हाळ समजून बहुतेकांनीं बाजूस सारला. लढाया, फितुरी, राजकारण यांसाठीं भटजींस साक्षीला बोलाविलें गेलें. पण ते ज्या गोष्टींचे जन्मभराचे जाणते होते, त्या अन्न, वस्त्र, भांडें, वाडा, दक्षणा व पाणी यांविषयीं त्यांची जबानी कोणी पुरतेपणीं घेतलीच नाहीं. ती घेण्याजोगी आहे काय, आणि घ्यावयाची तर कोणत्या शर्तींवर, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ग्रंथाची हकीकत थोडक्यांत अशी. कुलाबा, म्हणजे सांप्रतच्या रायगड जिल्ह्यांत पेणेजवळ वरसई नांवाचें गांव आहे. तेथील हे भिक्षुक. घरीं कर्ज झालें होतें. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यांत मोठा दानधर्म होईल, अशी वार्ता आली. तेव्हां चुलते रामभट यांस बरोबर घेऊन इ. स. १८५७ च्या आरंभीं त्यांनीं उत्तरेची वाट धरिली. त्यांचें वय त्या वेळीं तिशीच्या आंतबाहेर होतें. महूच्या सुमारास बंडाची पहिली कुणकुण लागली. आणि यज्ञाच्या दक्षणेसाठीं निघालेला हा ब्राह्मण धार, उज्जयिनी, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, चित्रकूट या प्रदेशांत त्या वणव्याच्या मधोमध सांपडला. झांशीचा वेढा, गांवांत झालेली कत्तल व लूट हीं त्यांनीं गांवांत राहून सोसलीं. शेवटीं काशी-अयोध्येची यात्रा करून, गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले, आणि त्या उदकानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. द्रव्य मिळवावयास गेलेला मनुष्य पाणी घेऊन आला, असा हा प्रवास आहे.

२

साधनाचा विचार करावयाचा तर प्रथम प्रतीचा विचार केला पाहिजे. भटजींनीं ही हकीकत प्रवासांत टिपून ठेविलेली नाहीं. वैद्यांच्या घराण्याशीं त्यांचा आश्रिताचा संबंध होता, चिंतामणरावांच्या आग्रहावरून शके १८०५ (इ. स. १८८३) च्या सुमारास, म्हणजे प्रसंगानंतर पंचवीस वर्षांनीं, त्यांनीं ती आठवणीनें लिहून काढिली. ग्रंथकर्त्याच्या हयातींत ती छापली गेली नाहीं. १९०७ सालीं जी छापली गेली ती वैद्यांनीं संस्कार केलेली प्रत होय. मूळ बाड पुढें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आलें, आणि म. म. दत्तो वामन पोतदार यांनीं इ. स. १९६६ सालीं मुळाबरहुकूम आवृत्ति प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्र ज्या ग्रंथास गोडसे भटजींचा म्हणून मान देत होता, तो अंशतः वैद्यांचा होता.

वैद्यांस येथें दोष देण्याचा हेतु नाहीं. ज्या काळीं सत्तावन सालचें नांव काढणेंही जोखमीचें होतें, त्या काळीं त्यांनीं हें बाड जतन केलें व छापलें, हा त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु संस्कार करणारा विद्वान् आपल्या काळच्या रुचीप्रमाणें करितो. जेथें लेखक कथानक सोडून दक्षणेचा आंकडा किंवा पंगतीचा थाट सांगत बसतो, तेथें त्यास आवरावें, भाषा नीटनेटकी करावी, प्रकरणें पाडावींत, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. कथेस त्यानें गति येते, पण साधनाचा कस उतरतो. भिक्षुकाच्या ओबडधोबड वाक्यांत त्याचा धंदा, त्याचा प्रांत आणि त्याची पारख हीं तिन्ही असतात; वाक्य घासून साफ केलें कीं तीं पुसट होतात. म्हणून नित्यव्यवहारासाठीं या ग्रंथाचा उपयोग करणारानें १९६६ ची मूळ प्रत हीच आधारास घ्यावी, आणि १९०७ ची प्रत एका विद्वानाची पहिली टीका म्हणून शेजारीं ठेवावी. आजही पुष्कळ लेखांतून उतारे पहिल्या प्रतींतून येतात आणि त्यांवर भटजींच्या भाषेविषयीं अनुमानें बांधिलीं जातात. हा प्रघात बंद झाला पाहिजे.

३

आतां साक्षीदाराची पारख करूं. भटजींची हकीकत तीन थरांची आहे: ऐकलेली, पाहिलेली आणि भोगलेली.

ऐकलेल्या थराचा नमुना म्हणजे बंडाच्या कारणांची हकीकत. कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरली, सरकारनें धर्म बुडविणारी चौऱ्यांशी कलमांची याद पुढें केली आणि राजांनीं ती नाकारिली, असें जें ते सांगतात, त्यास सरकारी दप्तराचा आधार नाहीं. ही लष्करांत व वाटेवरच्या धर्मशाळांत फिरणारी वदंता होय. वदंता म्हणून तिची किंमत मोठी आहे. शिपाई आणि यात्रेकरू काय मानून चालले होते तें तींत दिसतें. पण घडलेली गोष्ट म्हणून तिचा उपयोग नाहीं. फौजांचे आंकडे व लढाईचे डावपेंच यांविषयींही तेंच. तोफ कोणत्या बुरुजावरून सुटली हें तळघरांत दडलेला मनुष्य काय सांगणार?

पाहिलेल्या थरांत दरबार, देवालयें, दानप्रसंग व मिरवणुकी येतात. येथें भटजी बरेच भरंवशाचे आहेत, कारण त्या ठिकाणीं उभें राहून पाहणें हाच त्यांचा धंदा होता. भिक्षुकाचा धंदा हा मोजणीचा धंदा आहे, हें आपण विसरतों. पान कितवें, दक्षणा किती, वस्त्र सुती कीं रेशमी, यजमानाचा हात सढळ कीं आंखडता, याची पारख ज्यास नाहीं तो भिक्षुक उपाशी मरेल. धारेस राजाच्या निधनानंतर जो दानधर्म झाला त्याचें वर्णन या नजरेनें वाचावें. संस्थानी बखरकार अशा प्रसंगीं ‘अपार द्रव्य वांटिलें’ इतकेंच लिहून मोकळा झाला असता. भटजींस ‘अपार’ हा शब्द पुरत नाहीं. त्यांस कोणास काय मिळालें तें हवें असतें. इतिहासास लोभाचा असाही उपयोग होतो.

तिसरा थर भोगलेल्याचा. भूक, तहान, भीति, वस्त्रहीनता आणि सामानाची नागवण या गोष्टी पंचवीस वर्षांनींही मनुष्य विसरत नाहीं. तारीख विसरतो, सेनापतीचें नांव चुकवितो, पण अंगावरचें धोतर कोणी काढून नेलें आणि त्या दिवशीं पोटांत काय गेलें हें विसरत नाहीं. स्मरणावरून लिहिलेल्या ग्रंथावर जो सर्वसामान्य आक्षेप घेतला जातो, तो या थरास फार थोडा लागू पडतो. आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. घरगुती तपशील हा ग्रंथाचा पाल्हाळ नसून त्याचा सर्वांत विश्वसनीय भाग आहे.

४

अन्नाचा विषय प्रथम घेऊं. कोंकणांतील वैदिक ब्राह्मण दूरदेशीं निघाला म्हणजे त्याचें अन्न त्याच्या हातावर असतें. दुसऱ्याच्या हातचें चालत नाहीं. वाटेवरची खानावळ त्यास उपयोगाची नाहीं. मुक्कामाला पोंचतांच पाणी कोठें, सरपण कोठें, शिधा कोण देईल आणि सोंवळें कोठें वाळेल, हे चार प्रश्न उभे राहतात. त्यामुळें असा प्रवासी गांवाचें वर्णन करितो तें विहिरीपासून व दात्यापासून सुरू करितो, किल्ल्यापासून नव्हे. इंग्रज प्रवासी टेंकडीवरून गांव पाहतो, आणि भिक्षुक तेंच पाणवठ्यावरून पाहतो. दोघेही खरें सांगतात, पण दोघांचीं गांवें निराळीं असतात.

या ग्रंथांत अन्नाचीं तीन मापें आढळतात. पहिलें माप दानधर्माचें व ब्राह्मणभोजनाचें. त्यांत अन्न ही प्रतिष्ठा आहे. दुसरें वेढ्याचें, त्यांत अन्न म्हणजे एक दिवसाचें आयुष्य. आणि तिसरें माप राणी लक्ष्मीबाईंच्या तोंडीं आलेलें आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं झालेली ती भेट प्रसिद्ध आहे. पठाणी पोषाख, अंगावर धूळ, तृषेनें व्याकूळ. भटजी पाणी काढावयास सरसावले असतां विद्वान् ब्राह्मणाचे श्रम नकोत म्हणून बाईंनीं त्यांस थांबविलें, स्वतः पाणी काढलें व मातीच्या भांड्यांतून ओंजळीनें घेऊन प्यायल्या. आपणांस अर्धा शेर तांदूळ पुरे, असें सांगून विधवेच्या निर्वाहाची ती सीमा त्यांनीं पुढें केली आणि तरीही शस्त्र कां धरिलें तें सांगितलें.

हा प्रसंग व्याख्यानांतून, नाटकांतून, शाळांतून इतका वापरला गेला आहे, कीं त्याची साधन म्हणून छाननी करण्याचें कोणास सुचत नाहीं. संवाद शब्दशः घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पंचवीस वर्षांनीं लिहिलेला कोणताही संवाद तसा घेतां येत नाहीं. पण मातीचें भांडें, ओंजळ आणि अर्धा शेर तांदूळ हे तीन पदार्थ पाहण्यासारखे आहेत. झांशीचा मुलूख बुंदेलखंडांत. तेथील नित्याचें धान्य गहूं, ज्वारी, हरभरा. तेथें निर्वाहाचें माप तांदुळानें सांगावें, ही कोंकणची वहिवाट आहे. नेवाळकर घराणें मूळ रत्नागिरीकडील कोट गांवचें. तेव्हां पिढ्या बुंदेलखंडांत गेल्या तरी घरची बोली कोंकणचीच राहिली, असें एक अनुमान निघतें. दुसरें असें, कीं बोल बाईंचे नसून सांगणाराचे असावेत, आणि वरसईच्या भटजींनीं आपल्या घरचें माप राणीच्या मुखीं घातलें असावें. या दोहोंपैकीं कोणतें खरें हें केवळ या ग्रंथावरून ठरत नाहीं. पण दोन्ही पक्षीं एक गोष्ट सिद्ध होते: उत्तरेंत वावरणाऱ्या कोंकणी ब्राह्मणांचा संसार त्या काळींही तांदुळाच्या हिशेबानें चालत होता.

येथेंच ‘शेर’ कोणता हाही प्रश्न आहे. कोंकणांत व देशावर धान्य मापानें मोजीत. शेर, पायली, मण हीं भरून मापण्याचीं मापें. उत्तरेंत धान्य तोलून देत, आणि ऐंशीं तोळ्यांचा पक्का शेर तेथें रूढ होत चालला होता. म्हणजे वाक्य एकच, पण वरसईच्या वाचकास त्यांतून एक राशि दिसेल व कानपूरच्या वाचकास दुसरी. भाषांतर करणारांस ही अडचण टाळतां येण्यासारखी नव्हती. वजनाचा एक आंकडा देऊन ती मिटत नाहीं. तींत टीप हवी.

५

वस्त्र व वाडा यांविषयींही हेंच धोरण ठेविलें पाहिजे. बाईंच्या दिनचर्येचें जें वर्णन भटजींनीं दिलें आहे, त्यांत पहांटेची मल्लखांबादि मेहनत, घोड्यावरची रपेट, पुष्कळ हंड्यांचें ऊन पाण्याचें स्नान, शुभ्र चंदेरी लुगडें, पूजा, आणि कचेरीच्या वेळीं कधीं पायजमा, अंगरखा, डोक्यास टोपी व वर फेटा असा पुरुषी वेश, हें सर्व क्रमानें आलें आहे. चरित्रकारांनीं यांतून शौर्याचा भाग उचलला. आम्हांस यांत दोन पोषाखांची एक रीत दिसते. देवघरांतील वस्त्र एक आणि कचेरींतील दुसरें. एकच व्यक्ति दिवसांतून दोनदां वेश पालटून दोन निरनिराळे अधिकार चालविते. लक्ष्मीबाई विधवा होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे या पालटाचा अर्थ अधिक उघड होतो. विधवेस दरबारीं बसण्याचा रूढ पोषाखच नव्हता. तो त्यांनीं पुरुषांच्या पेटींतून घेतला. हें भटजी सांगत नाहींत. पण त्यांनीं वस्त्रें इतक्या बारकाईनें दिलीं आहेत, कीं तें आपणांस वाचतां येतें.

घरांचें वर्णन मात्र भटजींनीं सुखाच्या काळीं केलें त्याहून दुःखाच्या काळीं अधिक स्पष्ट केलें आहे. ता. ३ एप्रिल १८५८ रोजीं सर ह्यू रोज याच्या फौजा झांशींत शिरल्या. पुढील दिवसांची लूट भटजींनीं क्रमवार सांगितली आहे. आधीं सोनें, रुपें व नाणें गेलें, मागून तांब्यापितळेचीं भांडीं, मग वस्त्रें, मग धान्य, आणि घरांत नेण्याजोगें कांहीं उरेपर्यंत हात थांबला नाहीं. या क्रमाकडे पहावें. ही लुटीची याद खरोखर घराचीच याद आहे. कोणत्याही मध्यम प्रतीच्या वाड्यांतील चीजवस्त किंमतीच्या उतरत्या क्रमानें येथें मांडली गेली आहे. सुखवस्तु गृहस्थ आपल्या घरांत काय काय आहे तें कधीं लिहून ठेवीत नाहीं. तें लिहिलें जातें तें वांटणीच्या वेळीं, जप्तीच्या वेळीं किंवा नागवण झाल्यावर. म्हणून लुटीच्या, जप्तीच्या व वांटणीच्या यादी, ज्यांस आपण क्षुल्लक समजून रुमालाच्या तळाशीं टाकितों, त्या घरगुती व्यवहाराचीं प्रथम प्रतीचीं साधनें आहेत.

या हकीकतीस दुसऱ्या बाजूचा ताळा घेतां येतो. त्याच फौजेबरोबर असलेले डॉक्टर टॉमस लोव व जॉन हेन्री सिल्व्हेस्टर यांनीं आपआपलीं पुस्तकें इ. स. १८६० सालींच छापलीं. तीं प्रसंगाच्या अधिक जवळचीं, पण बाहेरून आंत शिरणाराच्या नजरेचीं आहेत. भटजी आंत बसून दाराकडे पाहत होते. जो तपशील दोन्हीकडे जुळेल तो पक्का धरावा. जो फक्त भटजींचा, तो घरगुती असेल तर ग्राह्य व लष्करी असेल तर संशयित मानावा, असा साधा नियम आम्ही सुचवितों.

भटजींच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचें जग पुरुष भिक्षुकाचें आहे. पंगत त्यांनीं पाहिली, ती रांधणाऱ्या बायकांचे श्रम त्यांच्या लेखणींत क्वचितच उतरतात. शिपाई काय खात होता, कोष्टी, तांबट, चांभार यांच्या घरीं वेढ्याच्या दिवसांत चूल पेटली कीं नाहीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें व विचारण्याचें कारणही वाटलें नाहीं. तेव्हां या ग्रंथावरून ‘तत्कालीन हिंदी लोकांचें जीवन’ असें सरसकट नांव देऊन प्रकरण लिहिणें चुकीचें होईल. हें एका वर्गाचें जीवन आहे, परंतु त्या वर्गापुरतें तें इतक्या आंतून दुसरीकडे क्वचितच मिळतें.

६

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस या ग्रंथांतील जो भाग सर्वांत जिव्हारीं लागेल तो झांशीच्या पुस्तकालयाचा. झांशीकरांनीं पिढ्यानुपिढ्या जमविलेला तो संग्रह विद्वानांत नांवाजलेला होता. लुटीच्या वेळीं शिपायांनीं बासनें सोडलीं, पोथ्यांवरचीं वस्त्रें घेतलीं आणि पोथ्या टाकून दिल्या. भटजींनीं राजवाड्याच्या नाशापेक्षां या नाशाचा शोक कमी केलेला नाहीं. लुटणाराच्या हिशेबीं पोथी ही कवडीमोल व तिचा रुमाल कामाचा, असा हा उलटा व्यवहार होता. यांत कोणत्याही एका जातीच्या शिपायास विशेष दोष देतां येत नाहीं. पोथी कोणाच्या उपयोगाची हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं ती पडली म्हणजे असेंच होतें. शांततेच्या काळींही होतें.

या जागीं अंबाजोगाईच्या वाचकास एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. भटजींच्या वाटेवर आंबें नव्हतें. ते नगरावरून उत्तरेस गेले. तथापि झांशीवर गेलेल्या फौजेंत हैदराबाद कंटिंजंटचे लोक होते, आणि त्या कंटिंजंटच्या घोडदळाची एक छावणी निजामी अमलांत मोमिनाबाद म्हणविल्या जाणाऱ्या याच गांवीं होती. म्हणजे ज्या फौजांनीं झांशीचीं बासनें सोडलीं, त्यांच्या एका शाखेचे घोडे येथील ओढ्यांवर पाणी पीत होते. आणि याच गांवीं, त्या छावणीपासून फार दूर नव्हे, दासोपंतांची पासोडी होती व आहे.

पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें दुहेरी वस्त्र. शेतकऱ्याच्या, वाटसराच्या नित्य उपयोगाचें. दासोपंतांनीं (शके १४७३–१५३७) तशा सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर आपलें ‘पंचीकरण’ ओव्या व आकृत्या यांसह लिहिलें. सवालक्ष ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या ग्रंथकारास कागदाचा तुटवडा होता असें मानण्याचें कारण नाहीं. तत्त्वांचे विभाग, त्यांची परस्परसंबद्धता आणि तीं एका दृष्टीखालीं मांडण्याची सोय, ही लांबरुंद कापडावर जितकी साधते तितकी पोथीच्या सुट्या पानांवर साधत नाहीं. मांडणीचा विचार करून निवडलेलें हें माध्यम आहे. नित्याच्या वापरांतील वस्तूची घडण विद्येच्या कामीं कशी लाविली जाते, याचें याहून चांगलें उदाहरण महाराष्ट्रांत मिळणें कठिण.

झांशीस वस्त्र घेऊन ग्रंथ फेकला गेला. येथें वस्त्र हाच ग्रंथ झाला व वंशजांनीं तो देव म्हणून सांभाळला. ग्रंथ टिकतो तो त्याच्या विद्वत्तेनें नव्हे, तर तो ज्यांच्या हातीं असतो त्यांच्या नित्यव्यवहारांत त्यास जागा मिळाली म्हणजे टिकतो. झांशीचा संग्रह राजाचा होता; राज्य गेल्यावर त्याची काळजी वाहणारें कोणी राहिलें नाहीं. पासोडी घराची होती. संग्राहकांनीं यांतून जो बोध घ्यावयाचा तो उघड आहे: संग्रह कितीही मोठा असला, तरी गांवांतील लोकांस तो आपला वाटला नाहीं तर त्याचा भरंवसा नाहीं.

७

आतां शेवटचा मुद्दा. अंबाजोगाईचा इतिहास आम्हांस कशावरून ठाऊक आहे? शिलालेखांवरून. यादव सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याचे येथील लेख शके ११५० व ११६२ चे आहेत. त्याचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेंत पडला आणि बहीण लक्ष्मी हिनें त्याच्या स्मरणार्थ देवालय बांधविलें, हें आपण जाणतों. हत्तीखान्याच्या लेण्यांचीं वर्णनें पुराणवस्तु खात्यानें केलीं. छावणीची नोंद सरकारी गॅझेटियरांत आहे. पण योगेश्वरी ही पुष्कळ कोंकणस्थ घराण्यांची कुलदेवता. घाट उतरून-चढून, पायीं व बैलगाडीनें पिढ्यानुपिढ्या माणसें येथें आलीं. तीं कोणत्या वाटेनें आलीं, वाटेंत काय रांधलें, भाताच्या लोकांनीं ज्वारीच्या मुलुखांत कसें भागविलें, कोणाच्या ओटीवर उतरलीं, देवीस काय वाहिलें, रुपये कंपनीचे दिले कीं हाली शिक्क्याचे, हें शिलालेख सांगत नाहीं व गॅझेटियरही सांगत नाहीं. परळीच्या वैजनाथाशीं योगेश्वरीचें लग्न ठरलें, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड येथेंच दगड होऊन राहिलें, अशी कथा लोक सांगतात. दगड झालेल्या वऱ्हाडाचें वर्णन आहे. जिवंत वऱ्हाडांचें नाहीं.

तें मिळण्याची जागा एकच: घराघरांतील बाडें. यात्रेच्या खर्चाच्या यादी, शिध्याचे हिशेब, मुक्कामांचीं टिपणें, घरीं धाडलेलीं पत्रें. यांत राजकारण नसतें, म्हणून संग्राहक तीं परत बांधून ठेवितो. भाषा अशुद्ध असते, म्हणून संपादक तीं वगळतो. ‘माझा प्रवास’ हें अशाच कागदांचें थोरलें भावंड आहे. त्यांत राणी नसती तर तें छापलें गेलें असतें काय, हा प्रश्न प्रत्येक संशोधकानें स्वतःस विचारावा. कदाचित् नसतें; आणि मग अर्धा शेर तांदूळ, मातीचें भांडें, चंदेरी लुगडें व लुटीचा क्रम हेंही बाडाबरोबर वाळवीनें खाल्लें असतें.

तेव्हां दोन सूचना करून हा लेख पुरा करितों. पहिली, ‘माझा प्रवास’ ची पुढील आवृत्ति निघेल तेव्हां मूळ पाठ व वैद्यांचा पाठ समोरासमोर छापावा, आणि शेवटीं व्यक्तिनामांच्या सूचीबरोबर धान्यें, पक्वान्नें, वस्त्रें, भांडीं, मापें, नाणीं व घराचे भाग यांची स्वतंत्र सूची द्यावी. दुसरी, मराठवाड्यांतील व कोंकणांतील संग्राहकांनीं आपल्या जवळच्या रुमालांतून कुलदेवतेच्या यात्रेचे कागद, मग ते एका बंदाचे कां असेनात, निराळे काढून त्यांची याद करावी. रुमाल सोडतांना कापड जपावें व कागद त्याहून अधिक जपावा. झांशीस याच्या उलट झालें होतें.